घरभेदी

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना त्यांचे मुख्य कारभारी बॉब हॉल्डेमन यांनी एक नाव सांगितले. आतल्या गोटातील भानगडी वर्तमानपत्रांना कोण पुरवितो, या प्रश्नाने चार महिने त्या मंडळींची झोप उडविली होती. आणि आता, आडवाटेने का होईना, माणसाचा माग लागला होता. तो माणूस एफ. बी. आय. या संघराज्याच्या तपासखात्यात प्रमुखाच्या शेजारच्याच खुर्चीवर बसलेला होता. मार्क फेल्ट त्याचे नाव. हा गृहस्थ असे करतो तरी कशासाठी, असे निक्सन यांनी विचारले. त्याला सर्वांत वरची खुर्ची हवी आहे, असे हॉल्डेमन म्हणाले. तो कॅथलिक आहे काय, अशी अध्यक्षांची पुढची पृच्छा झाली. ज्यू आहे, असे उत्तर मिळाले, आणि ज्यूंविषयी ज्यांच्या मनात जुनाच आकस होता त्या अध्यक्षांना त्या एका शब्दात सगळ्या प्रकरणाची उपपत्ती सापडल्यासारखे झाले. वस्तुतः फेल्ट ज्यू नव्हते. ते काहीही असले तरी त्यांना हात लावण्याची सोय नव्हती. कारण हात लावला तर हा बाहेर जाऊन सगळेच ओकून टाकील, आणि त्या खात्यात जे जे म्हणून ठाऊक असण्याजोगे आहे ते सगळे त्याला ठाऊक आहे, असा हॉल्डेमन यांचाच अभिप्राय पडला. हा संवाद आज शब्दशः उपलब्ध आहे, याचे श्रेयही अध्यक्षांनाच द्यावे लागते. तो ज्या यंत्राने टिपला, ते त्यांनी स्वतःच्याच हुकमाने आपल्या दालनात बसवून घेतले होते.

घरभेदी हा शब्द आपल्याकडे किती तिरस्काराने उच्चारला जातो, हे पाहायचे तर बिभीषणाकडे पाहावे. रामाचा सखा, धर्मनिष्ठ, सात चिरंजीवांत गणलेला हा पुरुष. पण मुलाचे नाव बिभीषण ठेवणारा बाप मराठी मुलखात सहसा आढळत नाही. त्याने भावाला सोडले ते धर्मासाठी की लंकेच्या राज्यासाठी, हा प्रश्न कीर्तनकारांनी कितीही वेळा निकालात काढला तरी श्रोत्याच्या मनातून तो पुरता जात नाही. फेल्ट यांच्यासंबंधी अमेरिकेत असाच वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे. एक पक्ष म्हणतो, त्यांनी लोकशाही वाचविली. दुसरा म्हणतो, खुर्ची मिळाली नाही म्हणून त्यांनी सूड उगविला. मला वाटते, दोन्ही पक्ष एका साध्या गोष्टीकडे काणाडोळा करतात. माणसाला घरभेदी ठरविण्यापूर्वी त्याचे घर कोणते, हे ठरवावे लागते; आणि फेल्ट यांचे घर व्हाइट हाउस कधीच नव्हते.

विल्यम मार्क फेल्ट यांचा जन्म १७ ऑगस्ट १९१३ रोजी आयडाहो राज्यातील ट्विन फॉल्स या गावी झाला. वडील सुतारकाम आणि इमारतींची कंत्राटे घेणारे. आयडाहो विद्यापीठातून १९३५ साली पदवी घेऊन हा तरुण वॉशिंग्टनला आला, आपल्याच राज्याचे सिनेटर जेम्स पोप यांच्या कचेरीत चिकटला, आणि दिवसा नोकरी व रात्री कायद्याचे वर्ग असा क्रम ठेवून १९४० साली कायद्याचा पदवीधर झाला. पहिली सरकारी चाकरी मिळाली ती फेडरल ट्रेड कमिशनमध्ये, आणि तेथे वाट्याला आलेले काम असे की, पुढे अध्यक्षांना हादरविणाऱ्या माणसाच्या चरित्रात ते कोणी कादंबरीकाराने घातले असते तर वाचकांनी त्याला हसून सोडून दिले असते. ‘रेड क्रॉस’ या नावाचा शौचालयात वापरावयाचा कागद बाजारात खपत होता. लोक तो रेड क्रॉस संस्थेचा म्हणून घेतात की काय, याचा शोध फेल्ट यांनी घ्यावयाचा होता. त्यासाठी त्यांनी दिवसच्या दिवस प्रवास केला, शेकडो माणसांना प्रश्न विचारले, आणि लोक असा कागद वापरतात खरे, परंतु त्याविषयी कोणी विचारलेले त्यांना रुचत नाही, एवढेच ज्ञान पदरात पाडून ते परतले. जानेवारी १९४२ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, ते एफ. बी. आय.मध्ये दाखल झाले आणि पुढची ३१ वर्षे तेथून हलले नाहीत.

हे खाते म्हणजे तेव्हा एका माणसाची जहागीर होती. जे. एडगर हूव्हर यांनी १९२४ साली, वयाच्या २९व्या वर्षी, त्याची सूत्रे हाती घेतली होती, आणि मरेपर्यंत, म्हणजे ४८ वर्षे, ती सोडली नाहीत. या काळात आठ अध्यक्ष झाले. पांढरा सदरा, गडद रंगाचा सूट, आटोपशीर केस, ठरलेल्या मर्यादेतले वजन, आणि साहेबांच्या मर्जीबाहेर ब्रही न काढण्याची शिस्त या गोष्टी खात्याच्या लेखी कायद्याच्या कलमांइतक्याच महत्त्वाच्या होत्या. मर्जी खप्पा झाली की बदली होई, तीही बहुधा हिवाळ्यात बर्फाखाली गाडल्या जाणाऱ्या एखाद्या गावी. मर्जी असली तरी बदल्या चुकत नसत. फेल्ट यांचेच पाहा: ह्यूस्टन, सॅन अँटोनियो, मग वॉशिंग्टन, सिॲटल, न्यू ऑर्लिन्स, लॉस अँजेलिस, सॉल्ट लेक सिटी, कॅन्सस सिटी. यांपैकी युद्धकाळातील वॉशिंग्टनचा मुक्काम विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. हेरगिरीविरोधी विभागात काम करताना एका पकडलेल्या जर्मन हेराच्या नावाने जर्मनांना खोट्या बातम्या पुरविण्याची कामगिरी त्यांनी हाताळली. खऱ्यात खोटे किती प्रमाणात कालवावे, निरोप देणारा आणि घेणारा यांची गाठ कशी पडू द्यावी, आणि आपण मध्ये असूनही नसल्यासारखे कसे राहावे, ही विद्या त्यांनी त्या मेजावर आत्मसात केली. त्या वेळी तिचा उपयोग शत्रूवर करावयाचा होता.

सॉल्ट लेक सिटीच्या कचेरीखाली नेवाडा राज्य येत असल्यामुळे जुगारखान्यांच्या आडोशाने चालणाऱ्या टोळ्यांचा त्यांना जवळून परिचय घडला; पण फेल्ट यांचा खरा पिंड कचेरीचा. १९६४ च्या नोव्हेंबरात ते निरीक्षण विभागाचे प्रमुख झाले. देशभरच्या शाखांवर अचानक धाड घालावी, दप्तरे उलटीपालटी करावीत, कोणाच्या नोंदवहीत तारीख चुकली आहे आणि कोणाच्या मेजावर कागद तुंबला आहे ते टिपावे, आणि त्याचा अहवाल थेट हूव्हर साहेबांकडे धाडावा, असे त्या विभागाचे काम. पेशवाईतील दप्तरदार किंवा ब्रिटिश अमदानीतील कडक इन्स्पेक्शन ऑफिसर ज्यांनी ऐकला-वाचला आहे, त्यांना हा प्रकार नवा वाटू नये. उंच बांधा, रुपेरी केस मागे वळविलेले, अंगावर नीट बेतलेले कपडे, चालण्या-बोलण्यात अदब. अशा या माणसाविषयी हाताखालच्यांना जिव्हाळ्यापेक्षा धाक अधिक वाटे. खात्याची अब्रू हीच आपली अब्रू, ही हूव्हर यांची शिकवण ज्यांच्या हाडीमाशी खिळली, अशांपैकी ते एक होते.

त्या अब्रूवर पहिला मोठा घाव पडला तो एका घरफोडीने. ८ मार्च १९७१ च्या रात्री, सारा देश अली आणि फ्रेझर यांच्या मुष्टियुद्धाकडे कान लावून बसला असताना, पेनसिल्व्हेनियातील मीडिया नावाच्या लहानशा गावी एफ. बी. आय.च्या कचेरीचे कुलूप काही युद्धविरोधी नागरिकांनी तोडले आणि आतील दप्तर बॅगांत भरून नेले. त्या कागदांवरून खाते विद्यार्थी, कृष्णवर्णी संघटना आणि युद्धविरोधक यांच्यावर कशी पाळत ठेवते, त्यांच्यात फूट कशी पाडते, हे जगजाहीर झाले. आणि ते प्रथम छापणारे पत्र होते वॉशिंग्टन पोस्ट. कुलपे, कपाटे आणि शाखांची व्यवस्था ज्या विभागाने डोळ्यांत तेल घालून पाहावयाची, त्याचे प्रमुख त्या वेळी फेल्टच होते.

१ जुलै १९७१ रोजी हूव्हर यांनी त्यांना खात्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या जागेवर चढविले. दुसऱ्या क्रमांकावरचे क्लाइड टॉलसन हे हूव्हर यांचे आजन्म सोबती, पण प्रकृतीने पार खचलेले. तेव्हा व्यवहारात फेल्ट हेच दुसरे झाले. ही बढती दिली होती ती देशांतर्गत हेरखात्याचे प्रमुख विल्यम सलिव्हन यांना लगाम घालण्यासाठी. सलिव्हन व्हाइट हाउसशी परस्पर संधान बांधून होते आणि हूव्हर यांची जागा आपणांस मिळेल, अशी आशा धरून बसले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हूव्हर यांनी त्यांच्या दालनाचे कुलूपच बदलून टाकले. फितुरीचा निकाल असा लागतो, हे फेल्ट यांनी हाताच्या अंतरावरून पाहिले होते. पुढे मार्च १९७२ मध्ये, आय. टी. टी. कंपनीच्या देणगीसंबंधीचे एक अडचणीचे टिपण बनावट आहे असा निर्वाळा प्रयोगशाळेने द्यावा, अशी व्हाइट हाउसची इच्छा असताना ते अस्सल असण्याचीच शक्यता अधिक, असा अहवाल खात्याने दिला, आणि बदलावयाचे साफ नाकारले. त्या ओढाताणीत व्हाइट हाउसशी बोलणी करणारे होते फेल्ट.

२ मे १९७२ रोजी सकाळी हूव्हर आपल्या घरी मृत आढळले. पुढचे दोन-तीन दिवस वॉशिंग्टनमध्ये जे घडले ते एखाद्या संस्थानात वारस न ठेवता राजा गेल्यावर घडावे तसे होते. त्यांची अनेक वर्षांची चिटणीस हेलन गँडी हिने साहेबांचे खाजगी कागद फाडावयास घेतले. गोपनीय म्हणून शिक्का मारलेल्या फायलींच्या १२ पेट्या तिने फेल्ट यांच्या स्वाधीन केल्या, आणि त्या त्यांच्या दालनात जाऊन पडल्या. किल्ल्या त्यांच्याकडे आल्या होत्या. आता गादीही येणार, असे त्यांना वाटले असेल तर त्यात अस्वाभाविक काही नव्हते. परंतु दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी पॅट्रिक ग्रे यांना हंगामी प्रमुख नेमले. ग्रे हे आरमारातील पाणबुडीवरचे माजी अधिकारी, पेशाने वकील, अध्यक्षांशी एकनिष्ठ, आणि तपासाच्या कामात अगदी नवखे. त्यांनी खात्यात स्त्रियांना एजंट म्हणून घेतले, पांढऱ्या सदऱ्याची सक्ती सैल केली, देशभर दौरे काढले. ते कचेरीत इतके कमी दिसत की तीन दिवसांचे ग्रे, असे टोपणनाव त्यांना पडले. रोजचा कारभार चालविला तो दुसऱ्या क्रमांकावर बसविलेल्या फेल्ट यांनीच. मालक फिरस्ता आणि मुखत्यार जागेवर, अशी ही व्यवस्था होती.

सहा आठवडे गेले, आणि दुसरी घरफोडी झाली. १७ जून १९७२ च्या पहाटे वॉटरगेट इमारतीतील रखवालदार फ्रँक विल्स याला एका दाराच्या कडीवर चिकटपट्टी लावलेली दिसली. त्याने ती काढून टाकली. थोड्या वेळाने फेरी मारताना पाहतो तो पट्टी पुन्हा जागच्या जागी. पोलिस आले. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्य कचेरीत सूट घातलेले, हातांत शस्त्रक्रियेचे हातमोजे चढविलेले पाच जण सापडले, आणि त्यांच्याजवळ कॅमेरे, चोरून ऐकण्याची यंत्रे आणि ओळीने क्रमांक असलेल्या शंभर-शंभर डॉलरच्या नोटा होत्या. त्यांतला एक, जेम्स मॅकॉर्ड, हा निक्सन यांच्याच निवडणूक समितीचा सुरक्षा अधिकारी निघाला. नोटांचा माग मायामीतील एका बँकेच्या खात्यापर्यंत आणि तेथून समितीच्या देणग्यांपर्यंत काही दिवसांतच पोहोचला. हा शोध वार्ताहरांच्या आधी एफ. बी. आय.च्या साध्या एजंटांनी घेतला होता. ही गोष्ट पुढे या प्रकरणावर निघालेल्या चित्रपटाच्या झगमगाटात बरीचशी विसरली गेली, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

२३ जून रोजी हॉल्डेमन यांनी अध्यक्षांना एक तोड सुचविली. सी. आय. ए.च्या उपप्रमुखांनी ग्रे यांना बोलावून सांगावे की हा तपास आमच्या गुप्त कामांच्या आड येतो, तेव्हा तो आवरता घ्या. त्याच बोलण्यात फेल्ट यांचेही नाव आले: तो महत्त्वाकांक्षी आहे, म्हणून तो सहकार्यच करील. दोन वर्षांनी ज्या ध्वनिफितीने निक्सन यांचे अध्यक्षपद घेतले ती हीच. महत्त्वाकांक्षी माणूस वाकतो, हा सिद्धान्त त्यांनी आपल्या परिचयाच्या मंडळींवरून बांधला होता, आणि त्या मंडळींपुरता तो खराही होता. ग्रे काही दिवस थबकले, काही साक्षी त्यांनी तहकूब ठेवल्या. फेल्ट आणि त्यांचे सहकारी मात्र लेखी हुकूम दाखवा म्हणून हटून बसले, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात तपास पुन्हा रुळावर आला. परंतु तपासाचे कागद ग्रे यांच्या हातून व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांच्याकडे जात होते, आणि एजंट जेव्हा तेथल्या नोकरवर्गाची जबानी घेत तेव्हा डीन स्वतः शेजारी बसलेले असत. चोराच्या वकिलाने पंचनाम्याला बसावे, तसला हा प्रकार.

बॉब वुडवर्ड हा वॉशिंग्टन पोस्टचा अवघ्या २९ वर्षांचा वार्ताहर. काही वर्षांपूर्वी तो आरमारात लेफ्टनंट असताना कागदांचे पाकीट घेऊन व्हाइट हाउसमध्ये एका खोलीबाहेर ताटकळत बसला होता, आणि शेजारी असाच ताटकळणारा एक रुबाबदार वडीलधारा गृहस्थ होता. तरुणाने ओळख काढली, आयुष्यात पुढे काय करावे असा सल्ला विचारला, टेलिफोनचा क्रमांक मागून घेतला. एवढ्या बोलण्यातून पुढे अमेरिकेच्या इतिहासात काय काय निघाले, हे आता आपल्याला ठाऊक आहे. घरफोडीनंतर दोनच दिवसांनी वुडवर्ड याने फोन केला, आणि फेल्ट यांनी हॉवर्ड हंट या व्हाइट हाउसशी संबंधित माणसावर संशय घेण्यास हरकत नाही, एवढे सांगितले. पुढे मात्र फोन बंद. युद्धकाळातील ती जुनी विद्या त्यांनी पेटीतून बाहेर काढली.

वुडवर्ड याच्या बिऱ्हाडाच्या सज्जात एक फुलझाडाची कुंडी होती, आणि तीत रस्त्यात सापडलेले लाल कापडाचे एक निशाण खोचलेले होते. भेट हवी असेल तेव्हा त्याने ही कुंडी सज्जाच्या मागच्या बाजूस सरकवावयाची. भेट फेल्ट यांना हवी असेल तेव्हा वुडवर्ड याच्या दारी येणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सच्या अंकात २० व्या पानाच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढलेले असे, आणि खालच्या कोपऱ्यात घड्याळाचे काटे काढून वेळ दाखविलेली असे. दुसऱ्याच्या दारातला अंक फेल्ट यांच्या हाती कसा पडे, आणि कुंडीवर रोज नजर कोण ठेवी, हे वुडवर्ड यालाही कधी उमगले नाही. निघताना त्याने जिन्याने उतरून मागल्या गल्लीने बाहेर पडावयाचे, अर्ध्या वाटेवर टॅक्सी बदलावयाची, शेवटचा पल्ला पायी तोडावयाचा, आणि पोटोमॅक नदीपलीकडे रॉसलिन येथील एका इमारतीच्या तळघरातील मोटारतळाच्या सर्वांत खालच्या मजल्यावर रात्री दोनच्या सुमारास यावयाचे. सिमेंटचे खांब, मोटारतेलाचा वास, एक सिगारेट, आणि तिच्या मागे देशाच्या तपासखात्याचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी, असे ते दृश्य असे.

फेल्ट यांचा एक दंडक होता. आपण होऊन कागद द्यावयाचा नाही, नवी बातमी शक्यतो सांगावयाची नाही. वार्ताहराने जे बाहेरून गोळा केले असेल ते खरे की खोटे तेवढे सांगावयाचे, आणि कोणत्या दिशेने पाहावे ते सुचवावयाचे. ९ ऑक्टोबरच्या पहाटे मात्र हा बांध बराच फुटला. त्या भेटीत त्यांनी सांगितले की, वॉटरगेट हा सुटा प्रकार नसून विरोधी पक्षावर पाळत ठेवण्याच्या आणि त्याच्या कामात घातपात करण्याच्या एका विस्तृत मोहिमेचा तो एक तुकडा आहे. दुसऱ्या दिवशीच्या अंकात पोस्टने तेच छापले. वुडवर्ड याने आपल्या टिपणांत या माणसाला ‘माय फ्रेंड’ असे नाव दिले होते, ज्याची आद्याक्षरे मार्क फेल्ट यांचीच पडत होती. पुढे पत्राच्या एका संपादकाने त्या काळी गाजत असलेल्या एका अश्लील चित्रपटावरून त्याला ‘डीप थ्रोट’ असे नाव चिकटविले. सुसंस्कृत, नीटनेटक्या फेल्ट यांना हे नाव अत्यंत किळसवाणे वाटले, यात नवल नाही.

याच काळात बातम्या कोण फोडतो याचा तपास खात्यात चालू होता, आणि त्याचे हुकूम फेल्ट यांच्याच सहीने निघत होते. फोडणाऱ्याने चौकशी करावी, ती करताना आवाज चढवावा, आणि बोट दुसरीकडे दाखवावे. याला धैर्य म्हणावे की निर्ढावलेपणा, हे मला ठरविता येत नाही. ॲटर्नी जनरल क्लाइनडिन्स्ट यांनी ग्रे यांना एकदा नव्हे, अनेकदा सांगितले की फेल्ट यांना काढा. ग्रे यांनी फेल्ट यांना समोर बसवून विचारले; फेल्ट यांनी नाही म्हणून सांगितले; आणि सरळ मनाच्या ग्रे यांनी त्यावर विश्वास ठेवला. या साऱ्या कथेत मला सर्वांत अधिक कीव येते ती या माणसाची. मार्च १९७३ मध्ये कायमच्या नेमणुकीसाठी सिनेटपुढे साक्ष देताना, आपण कागद डीन यांना दिले, हे त्यांनी भाबडेपणाने कबूल करून टाकले. पुढे असेही उघडकीस आले की हंटच्या तिजोरीतले काही कागद त्यांनी नाताळच्या केरकचऱ्याबरोबर जाळून टाकले होते. २७ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला. खुर्ची पुन्हा मोकळी झाली, आणि पुन्हा फेल्ट यांना ओलांडून विल्यम रकेल्सहाउस या बाहेरच्याच माणसाकडे गेली. बातमी फोडल्याचा संशय नव्या प्रमुखांनी तोंडावर बोलून दाखविताच फेल्ट यांनी २२ जून १९७३ रोजी निवृत्ती पत्करली. पुढच्याच महिन्यात कायमचे प्रमुख म्हणून क्लॅरन्स केली आले. ते कॅन्सस सिटीचे पोलिसप्रमुख होते, म्हणजे फेल्ट यांनी एके काळी जेथली शाखा सांभाळली होती त्याच गावचे.

खुर्चीच्या लोभाने त्यांनी ग्रे यांच्या पायाखालची जमीन पोखरली, असे सिद्ध करणारा ग्रंथ मॅक्स हॉलंड या लेखकाने लिहिला आहे, आणि त्यातील पुरावा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फेल्ट यांना खुर्ची हवी होती, हे उघड आहे. पण खुर्ची हवी असणाऱ्याला आणखीही एक मार्ग मोकळा होता, आणि तो पुष्कळ सोपा होता. हॉल्डेमन यांनी २३ जूनला जे गृहीत धरले तेच करावयाचे. तसे न करता मध्यरात्री तळघरात जाऊन उभे राहिलेल्या माणसाच्या मनात लोभाखेरीज आणखी काही होते, असे मानावे लागते. हूव्हर यांच्या दप्तराला बाहेरच्या कोणी हात लावू नये, तो हात अध्यक्षाचा असला तरी, हेच ते होते असे मला वाटते. हा राजधर्म आहे असे मी म्हणत नाही. मठाच्या जुन्या पुजाऱ्याला मठाच्या मालकीविषयी जे वाटते, तितपतच हे होते.

ज्या महिन्यांत तळघरातल्या भेटी चालू होत्या, नेमक्या त्याच महिन्यांत फेल्ट आपल्या दालनात बसून घरफोड्यांना मंजुरी देत होते. वेदर अंडरग्राउंड नावाच्या जहाल तरुणांच्या गटाने बाँब उडवून सरकारला सळो की पळो करून सोडले होते आणि त्याचे पुढारी फरारी होते. ते सापडत नाहीत म्हणून न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथील त्यांच्या आप्तेष्टांच्या घरांत, न्यायालयाचे वॉरंट न घेता, एजंट शिरले; कपाटे उचकली, पत्रे आणि डायऱ्या यांची छायाचित्रे घेतली, आणि आल्या वाटेने निघून गेले. असल्या कामांना खात्यात फार जुने टोपणनाव होते, काळ्या पिशवीची कामे. आणि ती बंद करा, असा शेरा हूव्हर यांनीच १९६६ साली मारून ठेवला होता. त्या झडत्यांतून एकही फरारी हाती लागला नाही. हंट आणि मॅकॉर्ड यांची माणसे हातमोजे घालून दुसऱ्याच्या कचेरीत शिरली म्हणून ज्यांचे रक्त तापले, त्यांनाच आपली माणसे दुसऱ्याच्या घरात शिरतात यात काही वावगे दिसले नाही. कारण ती आपली माणसे होती. १९७६ साली हे बाहेर पडले तेव्हा फेल्ट यांनी जबाबदारी झटकली नाही. होय, मी मंजुरी दिली, आणि तसाच प्रसंग आला तर पुन्हा देईन, असे ते उघडपणे म्हणाले.

त्या चौकशीतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ग्रँड ज्यूरीपुढे फेल्ट यांची जबानी चालू असता, व्हाइट हाउसमध्ये वारंवार गेल्यामुळे काही जण आपल्यालाच डीप थ्रोट समजत असावेत, असे ते सहज बोलून गेले. सरकारी वकील स्टॅन्ली पॉटिंजर यांनी जबानी संपविताना ज्यूरीतील मंडळींना काही विचारायचे आहे काय, असे विचारले. एकाने हात वर केला आणि विचारले, मग आपण होता काय? फेल्ट यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते ‘नाही’ म्हणाले. पॉटिंजर उठून जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की आपण शपथेवर आहात, तेव्हा खरे ते सांगावे लागेल. परंतु हा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेरचा आहे, आपण म्हणाल तर तो मागे घेता येईल. प्रश्न मागे घ्या, असे फेल्ट चटकन म्हणाले. एवढ्यावरून पॉटिंजर यांना जे कळायचे ते कळले, आणि त्यांनीही ते जवळजवळ ३० वर्षे पोटात ठेवले.

१९७८ च्या एप्रिलात फेल्ट, त्यांचे खात्यातील सहकारी एडवर्ड मिलर आणि ग्रे यांच्यावर नागरिकांच्या हक्कांचा भंग करण्याच्या कटाचा आरोप ठेवण्यात आला. ग्रे यांच्यावरील खटला पुढे काढून घेतला गेला. सुनावणी उभी राहिली १९८० च्या सप्टेंबरात, आणि २९ ऑक्टोबरला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रिचर्ड निक्सन येऊन उभे राहिले. ज्या माणसाने आपले राज्य घालविण्यास हातभार लावला असे त्यांना आठ वर्षांपूर्वीच सांगण्यात आले होते, त्याच्या बाजूला उपयोगी पडेल अशी साक्ष त्यांनी दिली: राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी अशा झडत्यांचा अधिकार अध्यक्षांना असतो आणि तो त्यांच्याकडून खात्याला पोहोचतो. फेल्ट यांच्या बचावनिधीला त्यांनी पैसेही दिले होते. ६ नोव्हेंबरला ज्यूरीने दोघांना दोषी ठरविले. शिक्षा झाली ती दंडाची, फेल्ट यांना ५००० डॉलर आणि मिलर यांना ३५००. नवे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी १९८१ च्या वसंतात दोघांनाही माफी दिली, आणि निक्सन यांच्याकडून दोघांच्या घरी शँपेनची एकेक बाटली आली. अखेर न्यायाचाच जय होतो, अशा अर्थाची चिठ्ठी सोबत होती.

१९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात फेल्ट यांनी आपण डीप थ्रोट नसल्याचे छातीठोकपणे लिहिले. पुढची २५ वर्षे या नावाचा छडा लावण्याचा जणू राष्ट्रीय खेळच होऊन बसला. हेन्री किसिंजरपासून पुढच्या काळात सरन्यायाधीश झालेल्या विल्यम रेनक्विस्टपर्यंत अनेकांची नावे त्यात घेतली गेली. पत्नीच्या निधनानंतर फेल्ट कॅलिफोर्नियात सँटा रोझा येथे मुलीच्या घरी राहावयास गेले. अर्धांगाचा झटका आला, स्मृती विरळ होत गेली. घरच्यांनी आग्रह धरला की आता सांगून टाकावे, नातवंडांच्या शिक्षणाचा खर्च आहे. तरी म्हाताऱ्याचे मन घेईना. खात्यातील जुने सहकारी काय म्हणतील, याचीच त्यांना धास्ती होती. आपण केले त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही, खात्याच्या माणसाने बातमी बाहेर देऊ नये, असे त्यांनी स्वतःच मुलाला सांगितले होते.

३१ मे २००५ रोजी व्हॅनिटी फेअर या नियतकालिकात वकील जॉन ओ’कॉनर यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशी वुडवर्ड आणि पोस्ट यांनी त्याला दुजोरा दिला. दुपारपर्यंत सँटा रोझातील त्या साध्याशा घरासमोर कॅमेऱ्यांची रांग लागली. चालण्याच्या चौकटीचा आधार घेत ९१ वर्षांचे फेल्ट दारात आले, हसले, हात हलविला. पत्रकारांनी प्रश्नांचा भडिमार केला तेव्हा ते मजेत म्हणाले की आता एखादे पुस्तक वगैरे लिहीन आणि मिळतील तेवढे पैसे गोळा करीन. मग दार लागले. १८ डिसेंबर २००८ रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी, सँटा रोझा येथेच त्यांचे निधन झाले.